गळलेला च

दौलतराव शेळक्यांच्या बोलण्यात 'च' फार. 'मीच सांगतो', 'तसंच असणार', 'चूक तुझीच'. बकुळाबाई, म्हणजे त्यांची बायको, चेष्टेनं म्हणायच्या, "ह्यांना चहात साखर कमी चालेल, पण वाक्यात च कमी पडलेला चालायचा नाही." आणि त्याच अक्षरानं माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडावं! नशिबालाही कधी कधी काय थट्टा सुचेल, सांगता येत नाही.

दौलतराव मूळचे खटावकडचे. मिसरूड फुटायच्या आधी अंबरनाथला मामाकडे आले आणि मोरिवलीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला चिकटले. प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून त्याचे भाग काढायचं खातं. मशिनांची रांग आणि दिवसभर नुसतं धडाड धडाड. शेजारी उभा असलेला माणूस घसा फोडून ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या लोकांनी हातांची एक भाषा करून ठेवली होती. अंगठा ओठाला लावला की चहा. खांद्यावर दोन बोटं आपटली की साहेब येतोय. आणि स्वतःच्या कानाची पाळी धरली की, 'ऐकू आलं नाही, परत सांग.'

नवा माणूस आला की दौलतराव पहिल्या दिवशी त्याला ही शेवटची खूण शिकवत. "ऐकलं नाहीस तर कान धर. लाजून उगाच मान हलवलीस तर बोटं जातील. मशिनला तुझी लाज कळत नाही, समजलं?" त्यांच्या रांगेत कधी कुणाचं बोट गेलं नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा मान्य करायचे.

तसे कानाचेही पक्के. कुठली प्रेस आजारी आहे, हे दारातूनच सांगायचे. निवृत्त झाल्यावर सोसायटीत हाच लौकिक कामाला आला. कुणाची मोटरसायकल फटफटली, कुणाचा मिक्सर अडला की लोक म्हणायचे, दौलतरावांना बोलवा. ते येणार, मान तिरकी करून क्षणभर उभे राहणार आणि निकाल देणार. "बेअरिंगच गेलंय." अलीकडे हे निकाल चुकायला लागले होते. पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार? लोक मान डोलवायचे आणि मागाहून दुसरा मिस्त्री बोलवायचे.

बाळा हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. कारखान्याची ती रांग बंद पडली तेव्हा त्यानं बुवापाड्यात छोटं गॅरेज टाकलं, आणि नारळ फोडला तो दौलतरावांच्या हातून. त्यांना तो दादा म्हणायचा. त्याची बायको चांगुणा बारवी धरणाकडच्या पाड्यातली, तोंडाची फटकळ. गॅरेजचा सगळा पसारा तीच सांभाळायची. दौलतरावांनी पांढरी छोटी गाडी घेतली ती बाळानंच बघून दिली. तिचे नट-बोल्टही दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, असा दौलतरावांचा दंडक होता, आणि दोघांत बिलाबिलाची भानगड नव्हती.

पावसाळ्याआधी गाडी बाळाकडे ब्रेकच्या कामाला गेली. दौलतराव घ्यायला गेले तेव्हा मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. बाळा हात पुसत काही तरी म्हणाला. मागचे बदलले, पुढचे बदललेत, असं. दौलतरावांनी "बरं बरं" म्हणत मान हलवली आणि किल्ली घेतली.

पुढं गणपती गेले, नवरात्र गेलं. बदलापूरला त्यांची लेक शलाका राहते. तिच्याकडून दुपारचं जेवून दौलतराव आणि बकुळाबाई परत येत होते. उतारावर एक शाळा लागते, तिथं गतिरोधक आहे. दौलतरावांनी ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकातून आवाज आला. खर्रर्र! पाटा-वरवंट्यात खडा सापडावा तसा. नुसता आवाज नाही, पायाच्या तळव्याखाली पेडल थरथरलं. त्यांनी ब्रेक सोडला, आवाज गेला. पुन्हा दाबला, पुन्हा खर्रर्र. शाळा सुटली होती, पोरं रस्त्यानं चालली होती. तिथून पुढं रिक्षावाल्यांच्या शिव्या खात, रांगत, त्यांनी गाडी थेट बुवापाड्याला आणली.

बाळानं जॅक लावला, पुढचं चाक काढलं आणि आत हात घालून ब्रेकचा पॅड बाहेर काढला. त्यावर घासायला जो जाड थर असतो, तो पार संपला होता. राहिली होती नुसती लोखंडी पाटी, आणि ती चाकामागच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, घासत होती.

"दादा, पॅड संपले. लोखंडावर लोखंड घासतंय. डिस्कवर बघा कसे चरे पडलेत."

"संपले?" दौलतरावांचा आवाज तसाच मोठा, त्यात पारा चढलेला. "आत्ताच तर तू बदललेस! इतक्यात संपतातच कसे?"

"मी पुढचे नाही बदलले, दादा. मी तेव्हा..."

पण दौलतराव आता कुणाचं ऐकतायत! गॅरेजमध्ये दोन-तीन रिक्षावाले उभे होते. सोसायटीचा सेक्रेटरी श्रीपाद स्कूटरचं पंक्चर काढायला आला होता. माणसं बघितली की दौलतरावांना जास्तच जोर चढायचा. "उल्हासनगरचा डुप्लिकेट माल घातलास तू! तुला मी शिकवलं, बाळा, आणि तू मलाच चुना लावलास? माझी बायको गाडीत होती. शाळेतली पोरं होती समोर!"

चांगुणा आतून तरातरा आली. "दादा, पुढचे बदललेच नव्हते. तुमाला सांगितलं व्हतं ह्यांनी, माझ्यासमोर. तुमी मान हलवलीत."

"आता दोघं मिळून शब्द फिरवू नका! तूच म्हणालास, पुढचे बदललेत. माझ्या कानांनी ऐकलंय मी. हे कान कुणाचे आहेत, माहीत आहे ना?"

चांगुणा आणखी काही बोलणार, तोच बाळानं तिला हातानं थांबवलं. त्यानं दौलतरावांकडे बघितलं, मग हातातल्या पॅडकडे बघितलं. "असेल दादा," तो म्हणाला. "माझंच बोलणं नीट नसेल. मशीन चालू होतं."

"बघा! कबूल केलं!" दौलतराव श्रीपादकडे वळून म्हणाले. बाळानं नवे पॅड बसवून देतो म्हटलं, तर गरजले, "हात लावायचा नाही गाडीला!" तो झिजका पॅड त्यांनी रुमालात गुंडाळला आणि बकुळाबाईंना घेऊन रिक्षानं घरी गेले. गाडी राहिली गॅरेजच्या दारात, तीन चाकांवर आणि एका घोडीवर.

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मोबाइल होता ना! संध्याकाळी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'सावधान. बाळाच्या गॅरेजमध्ये डुप्लिकेट ब्रेक बसवतात. माझा जीव थोडक्यात वाचला.' शंभर घरांची सोसायटी. बाळाकडे जाणाऱ्या निम्म्या गाड्या तिथल्याच. सकाळपर्यंत कुणी आपली सर्व्हिसिंग रद्द केली, कुणी उघडी पडलेली मोटरसायकल तशीच ढकलत नेली. ज्यांनी ग्रुप वाचला नव्हता, त्यांना दारातली तीन चाकांची गाडी दिसत होती. विचारलं की रिक्षावाले सांगायचे. हात लावायचा नाही असं दादांनी बजावलं होतं, म्हणून बाळानं ती तिथून हलवलीसुद्धा नाही.

दौलतरावांना एवढ्यावर समाधान नव्हतं. डुप्लिकेट म्हणजे डुप्लिकेटच, हे सिद्ध करायचं होतं. बाळा माल कुठून आणतो ते त्यांना माहीत होतं. रुमालातला पॅड घेऊन ते उल्हासनगरला, कॅम्प तीनला, धर्मेश नावाच्या सिंधी दुकानदाराकडे जाऊन थडकले. धर्मेश चष्मा कपाळावर चढवून बसला होता. दौलतरावांनी पॅड काउंटरवर आपटला.

"हाच तुमचा माल ना?"

धर्मेशनं पॅड उचलला, उलटा केला, पाठीवरची काजळी अंगठ्यानं पुसली. मग बिलकूल न चिडता म्हणाला, "काका, ये देखो, कंपनीचा छाप. हा पॅड गाडीबरोबर आलेला आहे, पहिल्या दिवसाचा. कधी बदललाच नाही. मेरा माल होता तर मेरा डब्बा, मेरा नंबर. ये तो मेरा है ही नहीं."

दौलतरावांनी वाकून तो छाप निरखला.

धर्मेशनं पॅडच्या कडेला वाकलेली एक बारीक पत्री दाखवली. ती घासून चकचकीत झाली होती. "आणि हे बघा. ही पत्री मुद्दाम ठेवलेली असते. पॅड संपत आला की ही डिस्कला घासते आणि ओरडते. चीं चीं, चीं चीं. मालकाला कळावं म्हणून. एवढी घासलीय, म्हणजे काका, एक-दोन महिने ओरडली असणार. कान फाडून टाकते. ऐकू कसं नाही आलं?"

त्यानं सहज विचारलं होतं. टोमणा मारायचा त्याच्या मनातही नव्हता. पण दौलतरावांना भर बाजारात कुणी धोतर ओढावं तसं झालं. "गाडी... गाडी मुलगा चालवतो," ते म्हणाले. त्यांना मुलगा नव्हता. मुलगी एकच, शलाका. खोटं तोंडातून कसं निघालं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. पॅड रुमालात घालून ते दुकानाबाहेर आले.

रिक्षात बसल्यावर त्यांना थर्मामीटर आठवला.

गेल्या थंडीत ताप आला होता. तोंडात थर्मामीटर धरून ते शिट्टी वाजायची वाट बघत बसले होते. वाजलीच नाही. "उल्हासनगरचा माल!" म्हणून त्यांनी तो फेकून दिला, दुसरा आणला. दुसराही वाजेना. तोही फेकला. बकुळाबाई तेव्हा शेजारी बसून भाजी निवडत होत्या. दोन्ही वेळा त्यांनी एकदा मान वर केली होती आणि पुन्हा खाली घातली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, तसं दौलतरावांना ऐकू येईना आणि थर्मामीटर डुप्लिकेट!

घरी आल्यावर चपलाही न काढता त्यांनी विचारलं, "आपली गाडी वाजत होती का गं?"

बकुळाबाई त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. अगदी समोर, तोंड दिसेल अशा. त्या हल्ली नेहमी अशाच उभ्या राहतात, हे दौलतरावांच्या त्या क्षणी ध्यानात आलं.

"गणपतीपासून," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, मला तर काही ऐकू येत नाही. म्हणजे आवाज नाहीच. पुढं काय बोलणार?"

"आणि थर्मामीटर?"

"वाजत होता. दोन्ही वाजत होते."

दौलतराव खुर्चीवर बसले. आणखी कोणाकोणाला ठाऊक आहे, असं त्यांनी विचारलं. बकुळाबाईंनी आधी टाळलं, मग सांगितलं. शलाकाला ठाऊक होतं. नात किर्ती आजोबांना फोन न करता मेसेज करते, तो लळा म्हणून नव्हे, फोनवर आजोबा भलतीच उत्तरं देतात म्हणून. श्रीपादला ठाऊक होतं. आणि बाळाला तर सगळ्यांच्या आधीपासून. "तोच मला म्हणाला होता, वहिनी, प्रेसवाल्यांचे कान असेच जातात, बारीक आवाज आधी जातो. दादांना सांगू नका, त्यांना लागेल. मी त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो."

"त्या दिवशी दोनदा नाही सांगितली," दौलतराव पुटपुटले.

"तुम्ही मान हलवलीत ना. त्याला वाटलं, कळलं."

मग त्यांनी ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. बदललेत. बदलायचेत. पुन्हा म्हटले. बदलायचेत. जीभ टाळ्याला लागून हवेची एक चिमूट सुटते, मुख्य फरक तेवढाच. तो बारका च कॉम्प्रेसरच्या धडधडीत गळून पडला होता, आणि उरलेलं वाक्य दौलतरावांनी आपल्या मनानं जोडून घेतलं होतं. अंदाजानं. लाजून मान हलवून. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आयुष्यभर पोरांना दम दिला, नेमकी तीच. आणि बोटं कुणाची गेली? बाळाची! धंदा त्याचा बसला, नाव त्याचं गेलं. 'माझंच बोलणं नीट नसेल' हे वाक्य आता त्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. ते पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागलं आणि त्यांना बायकोच्या तोंडाकडे बघवेना.

पहिला विचार पळवाटेचाच आला, खोटं कशाला बोला. त्यांनी ग्रुपवरचा तो मेसेज गुपचूप काढून टाकला. पण मेसेज काढला की तिथं 'मेसेज काढून टाकला आहे' अशी पाटी राहते, हे त्यांना कुठं माहीत! लगेच विचारणा सुरू झाली. काय झालं? बाळानं धमकी दिली का? एकानं तर पोलिसांत जायचा सल्ला दिला. हात दाखवून अवलक्षण! दौलतरावांनी फोन उशीखाली सारला. रात्री जेवले नाहीत. बकुळाबाईंनीही आग्रह केला नाही.

सकाळी त्यांनी श्रीपादचं दार वाजवलं. "चल माझ्याबरोबर. त्या दिवशी होतास, आजही पाहिजेस."

"कुठं?" श्रीपादनं विचारलं, आणि मग आवाज चढवून पुन्हा विचारलं. दौलतरावांना ते दुसऱ्यांदा विचारणं चाबकासारखं लागलं. आजवर किती जणांनी किती वेळा असं दुसऱ्यांदा विचारलं असेल!

बुवापाड्याच्या वळणावरूनच पांढरी गाडी दिसली, तशीच तीन चाकांवर. उघड्या डिस्कवर कुणीतरी गोणपाटाचा तुकडा टाकला होता. गंज लागू नये म्हणून. हे काम कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती. हात लावायचा नाही म्हटलं होतं, म्हणून त्या माणसानं डिस्क नुसती झाकली होती. दौलतरावांना परत फिरावंसं वाटलं. पण श्रीपाद मागं होता.

गॅरेजमध्ये एक रिक्षा तेवढी उभी होती, आणि ओळखीचे दोन रिक्षावाले. बाळा चाकात हवा भरत होता, कॉम्प्रेसर धडधडत होता. चांगुणा पायरीवर बसली होती. तिनं दौलतरावांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाळानं वर बघितलं. त्याचे ओठ हलले.

दौलतरावांना एक अक्षर कळलं नाही. आणि सवयीनं, बघा माणसाची सवय, त्यांची मान हलायला लागली होती. हो, हो म्हणायला. ती त्यांनी निग्रहानं थांबवली.

मग त्यांचा हात वर गेला आणि त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली.

रिक्षावाले एकमेकांकडे बघू लागले. कान धरला म्हणजे माफी मागितली, एवढंच त्यांना कळलं. त्यात चूक काहीच नव्हतं. पण प्रेस शॉपमधून आलेला तिथं बाळा एकटा होता. तो एकटक बघत राहिला. कारखाना सुटल्यापासून ती खूण त्यानं कुणाच्या हाती पाहिली नव्हती. दादांच्या तर नाहीच. त्यानं जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.

"चहा घेणार का, विचारलं, दादा."

"चहा नंतर." दौलतरावांचा हात अजून कानावरच होता. "त्या दिवशी काय म्हणाला होतास, ते परत सांग."

"जाऊ द्या ना दादा."

"सांग. ह्या सगळ्यांसमोर सांग."

बाळानं खाली बघितलं. मग ध्यानात येऊन त्यानं चेहरा वर केला, दादांना ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश म्हणाला, "मागचे बदलले. पुढचे बदलायचेत."

"मला बदललेत ऐकू आलं," दौलतराव म्हणाले. एवढा दणदणीत आवाज, पण तो फाटला. "मला ऐकू येत नाही, बाळा. कधीपासून येत नाही, तेही मला ठाऊक नाही. न ऐकता मान हलवली, आणि वर तुला चोर म्हणालो. श्रीपाद, ग्रुपवर टाक. माझ्या नावानं टाक. पॅड गाडीबरोबर आलेले होते, बाळानं बदलायला सांगितलं होतं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. चूक माझी."

श्रीपाद खाली मान घालून मोबाइलवर टाइप करू लागला. बाळा उगाच हात पुसत राहिला.

तेवढ्यात पायरीवरून चांगुणा उठली. चार दिवस रिकाम्या गॅरेजच्या दारात ती बसून होती, येणारा-जाणारा गाडीकडे बोट दाखवताना बघत होती. ती दौलतरावांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"अशी अर्धी नको, दादा," ती म्हणाली, मोठ्यानं, एकेक अक्षर तोडून. "आमच्या वेळी तर पुरता बोलला व्हता तुमी. आता बी पुरता बोला. चूक माझीच म्हणा."

"चांगुणा!" बाळा ओरडला.

"नाही, बरोबर आहे तिचं," दौलतराव म्हणाले. हा च त्यांना ऐकू आला होता. "चूक माझीच."

चांगुणानं पदरानं तोंड पुसलं आणि ती आत गेली. बाळानं दौलतरावांकडे बघून अंगठा ओठाला लावला. दौलतरावांनी कानावरचा हात खाली घेतला आणि मान हलवली, या वेळी समजून.